पात्राचं बालपण कादंबरीत कुठे आणि किती आणावं?

कोरा_कागद

कादंबरीचा दुसरा खर्डा चालू आहे आणि एका जागी गाडं अडलंय. नायिका सुलभा, जन्म १९७२, लालबागची. वडील गिरणीत, आई घरात खाणावळ चालवायची. पंधरा-सोळा गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायला. १९८२ च्या संपात जेवणारे गावाला गेले, पैसे राहिले ते राहिलेच. आईची तांब्या-पितळेची भांडी गहाण पडली, ती सुटली नाहीत. २०१० मध्ये सुलभा डोंबिवलीत केटरिंगचा धंदा करते, म्हातारी आई तिच्याजवळच आहे. भागीदार अनंत एका लग्नाचं काम उधारीवर घेतो आणि ती बारा वर्षांची भागीदारी एका संध्याकाळी मोडते.

पहिला खर्डा वाचणाऱ्यांना ती दगडाच्या काळजाची वाटली. म्हणून भांडणाच्या मधोमध १४ पानांचं बालपण घातलं. आता म्हणतात, कारण कळलं पण गळी उतरत नाही, आणि भांडणाचा जोरही गेला. हे बालपण सुरुवातीला नेऊ की तुकडे करून पेरू? आणि एका घटनेवर आख्खं पात्र उभं राहतं का?

मधली_ओळ

जागा ठरवण्याआधी एक पाहा. त्या १४ पानांत काय घडलं ते आहे. दहा वर्षांच्या मुलीनं त्यातून काय धरून ठेवलं ते आहे का? माणूस घडतो तो या दुसऱ्या गोष्टीनं.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला गरीब पोर पिप श्रीमंत मिस हॅविशमच्या घरी पत्ते खेळायला बसतो. तिथली मुलगी एस्टेला त्याच्या खरखरीत हातांना आणि जाडजूड बुटांना हसते. घटना एवढीच. पण पोर त्यातून जे काढतं ते भयंकर आहे: ज्यो (बहिणीचा नवरा, पिपला वाढवणारा लोहार) जरा बऱ्या रीतीनं वाढला असता तर मीही तसा झालो असतो. अपमान करते एस्टेला, आणि राग वळतो घरातल्या सर्वांत मायाळू माणसाकडे. पुढे ज्यो लंडनला भेटायला येतो, त्याची टोपी फळीवरून पुन्हा पुन्हा खाली पडते आणि पिपला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिथे डिकन्सला मागचं काही सांगावं लागत नाही.

आता सुलभा. बुडालेल्या पैशांतून ती तीन वेगळे धडे घेऊ शकते. 'माणसं बुडवतात' हा पहिला. यातून संशयी बाई तयार होते. 'मी वसुलीला गेले आणि रिकाम्या हातानं परत आले' हा दुसरा. यातून कुणावर काही न सोपवणारी, स्वतःला राबवणारी. तिसरा, 'आईनं तोंड उघडून मागितलंच नाही'. यातून पैसे मागताना जराही न संकोचणारी, आणि भिडस्त माणसाचा मनापासून राग येणारी बाई तयार होते.

तुमच्या भांडणाला तिसरा धडा शोभतो. मग तिचा राग उधारीवर राहत नाही. अनंतला 'नाही' म्हणता आलं नाही यावर येतो, कारण तिथे तिला आई दिसते. शिवाय धडा असा हवा की त्यानं तिला आजवर तारलंय. 'आधी पैसे, मग ताट' या नियमावर तिचा धंदा उभा राहिला असेल, तरच तो नियम एके दिवशी अंगावर येतो तेव्हा वाचक हळहळेल. नुसतंच नुकसान करणारी सवय माणूस इतकी वर्षं बाळगत नाही.

पिंपळपान

वरच्याशी सहमत, पण भर घालतो. भूतकाळ म्हणजे जखमच असं धरून चालू नका. हल्ली प्रत्येक पात्राला एक दुखणं चिकटवलेलं असतं आणि त्याचं सगळं वागणं त्यातून निघतं. त्यानं पात्र फार लवकर संपतं.

महाभारतातला कर्ण पाहा. राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात कृपाचार्य कुळ विचारतात, भीम चाबूक हाती घे म्हणतो. हा अपमान सगळ्यांना पाठ असतो. पण उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं खरं सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा तो नकार देताना सूतपुत्र म्हणून झालेला अपमान पुढे करत नाही. तो सांगतो की मायेनं राधेला, मला वाढवणाऱ्या आईला, पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिच्या नवऱ्यानं, अधिरथानं, माझे संस्कार केले, आणि दुर्योधनाच्या आधारावर मी तेरा वर्षं राज्य भोगलं. निर्णय उपकारांतून येतो, आणि म्हणूनच तो त्याला मरणाकडे नेतो. सुलभाला बालपणानं दिलं काय, हेही तुमच्या पानांत हवं: पंधरा माणसांचं जेवण अंदाजानं काढायची हातोटी, भाताचा वास घेऊन आच कमी करणं, असं काहीतरी.

एका घटनेवर पात्र उभं राहतं का? 'वदरिंग हाइट्स' या प्रश्नाला बरोबर भिडते. घरात आणून वाढवलेल्या हीथक्लिफचं शिक्षण घरच्या मुलानं, हिंडलीनं, तोडून त्याला शेतगडी केलं. हीथक्लिफ तेच, अगदी ठरवून, हिंडलीच्या मुलाशी, हेअरटनशी करतो. दारावर कोरलेलं स्वतःचं नावही त्या पोराला वाचता येत नाही. वारा तोच, पण झाड तसं वाकत नाही. हीथक्लिफ मरतो तेव्हा धाय मोकलून रडणारा हेअरटनच. तेव्हा लालबागच्या त्याच खोलीत सुलभाला एक भाऊ द्या. तेच पाहून तो उलट, हातचं सोडणारा झाला असेल. त्याच्या दोन प्रसंगांनी घटनेचं ओझं हलकं होईल आणि सुलभाचं वागणं तिचं स्वतःचं वाटेल.

कोरा_कागद

तिसरा धडा एकदम पटला, भाऊही घेतो. पण मग १४ पानांचं काय करू? आणि भांडणात बालपण अजिबात नको का?

मधली_ओळ

भांडणाआधी सुलभाचा नियम तीनदा तरी कामाला लागलेला दिसू दे, तोही कारण न सांगता. पहिली वेळ किरकोळ आणि सुखाची हवी. उदाहरणार्थ:

'दुकानदार म्हणाला, "राहू द्या ताई, पुढच्या महिन्यात द्या." सुलभानं टेम्पोत चढवलेलं दुसरं पोतं उतरवायला लावलं. एका पोत्याचे पैसे मोजले आणि पावतीवर "पूर्ण पैसे मिळाले" असं लिहून घेतलं. अनंत तोवर चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभा होता.'

शेवटचं वाक्य अनंतचं आहे हे ध्यानात घ्या. त्याचा संकोच इथे दिसला तरच शेवटी स्फोट होईल. दुसऱ्या वेळी नियमाची थोडी किंमत पडावी, एखादं गिऱ्हाईक दुखावावं. तिसऱ्या वेळी आईच्या देखत.

बालपणाची पानं पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये ठेवा आणि सहांवर आणा. लांबी हा मूळ दोष नव्हे. 'जेन एअर' कादंबरीच्या ३८ प्रकरणांपैकी पहिली नऊ बालपणाचीच आहेत, पण तिथे मुलगी प्रत्येक प्रकरणात काहीतरी करते. तुमच्या पानांत सुलभा फक्त बघते. तिला वसुलीला पाठवा. दार उघडणारा माणूस घरात जेवणाराच, तिला नावानं ओळखणारा. ती काय बोलते तेवढं लिहा, आणि तिथेच पान संपवा.

भांडणात एकच वाक्य पुरे: "तुला नाही म्हणता येत नाही, अनंत." आईचं नाव नको. नोकरीचं घर, थॉर्नफील्ड, सोडायच्या रात्री जेनला बालपणी जिथे कोंडलं होतं ती लाल खोली स्वप्नात दिसते, ती मोजक्या ओळींत. आधी ते नीट घडलेलं असलं की पुन्हा आठवायला एवढंच लागतं. जपून ठेवलेलं पितळी भांडं काढून बघण्याचा प्रसंग असेल तर काढून टाका. तो फार वापरून झालाय.

भोंगा_८२

काळाचं जरा तपासा. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, सोमवारी. सुलभा चौथीत असणार. संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे जेवणारे एका रात्रीत गायब होत नाहीत. आज-उद्या मिटेल या आशेवर आई महिने-दोन महिने तरी उधारीवर वाढत राहील, मग एकेक जण गावाची वाट धरेल. बाकी अशी साठते. मुलीच्या तोंडी आणि नजरेत 'संप', 'भोंगा', 'डॉक्टर सामंत' (संपाचे पुढारी) हे शब्द येऊ द्या. 'गिरणगावाची वाताहत' ही नंतरची भाषा.

अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ पासून खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देत होतं. आई त्यात होती की नव्हती ते ठरवा, कारण भांडी सावकाराकडे का गेली हे त्यावर अवलंबून आहे.

आणि एक मोठी गोष्ट सुटलीय. वडील स्वतः संपात आहेत. संपकऱ्याच्या बायकोनं दुसऱ्या संपकऱ्याकडे थकलेले पैसे मागायचे कसे? आई भिडस्त नव्हती, तिनं न मागायचं ठरवलं होतं. सुलभाला हे दहाव्या वर्षी कळणं शक्य नाही. आईच्या तोंडून ते भागीदारी मोडल्यावर येऊ द्या, आधी आलं तर भांडणच होणार नाही.