घरचा दिवस कसा बसवलात? (अनुभव धागा)

माळा_आवरणारी
काल माळ्यावर १९९६चं कालनिर्णय सापडलं. चौकटींत दुधाचे खाडे आणि समासात आईच्या अक्षरात, "पाणी ५ ते ६.३०. गुरु. नाही." आमचं सात माणसांचं घर या एका ओळीवर चालायचं. नळ आला की आधी पिंप, मग हंडे, मग धुणं. पुढे कोण कधी आंघोळ करतंय याच्याशी आईला देणंघेणं नसायचं.
मी मात्र जूनमध्ये एक्सेलमध्ये रंगीबेरंगी वेळापत्रक केलं. ५.४५ उठणे, ६.१० डबे वगैरे. तिसऱ्या दिवशी धाकट्याला ताप, त्यात कामवाल्या ताईंची दांडी. संपलं वेळापत्रक.
आता दोनच खुंट्या पक्क्या: ६.५०ची व्हॅन आणि रात्री साडेनऊला पुसलेला ओटा. मधलं जमेल तसं, फक्त क्रम मोडायचा नाही. सहा आठवडे टिकलंय. तुमच्या खुंट्या कोणत्या?

बदलापूरची_मावशी
लोकल. दुसरं काय.
कणीक रात्री मळून, भाजी रात्री चिरून. आठवड्याचा लसूण नवरा रविवारी मॅच बघत सोलतो. टी-ट्वेंटी असेल तर एक वाटी, वनडेला दोन. कसोटी असली की शेजारीही वाटते.

खडीसाखर
साडेनऊला ओटा पुसलेला??? आमच्याकडे तेव्हा इडलीचं वाटण सुरू होतं 😭

तीनपाळी
स्टाफ नर्स आहे, ड्युटी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे वेळापत्रक हा शब्दच घरात नाही. फ्रिजवर चुंबक. पिवळं म्हणजे मॉर्निंग, हिरवं दुपारची, लाल नाइट. लेक शाळेतून आली की आधी फ्रिज बघते. लाल असलं तर बेल नाही, मिक्सर नाही, आणि कुकरही नाही. शिट्टीने मला जाग येते म्हणून भात पातेल्यात करते. नववीतली पोर. परवा उठले तर पातेल्यावर ताटली, ताटलीवर चिठ्ठी, "खाली लागलाय, वरचा घे."

बदलापूरची_मावशी
@तीनपाळी दृष्ट काढ गं तिची.

पणजीवाला
आमचं घड्याळ म्हणजे पोदेर, म्हणजे आमचा पाववाला. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पोंय पोंय करत येतो. संध्याकाळचा भोंपू ऐकला की मुलांनी खेळ टाकून घरी यायचं, हा नियम. पाऊस असेल तर तो उशिरा, मग मुलंही उशिरा. भांडण नाही.

जर्सीकर_सून
आई पूजा आटोपून साडेसातला फोन लावते. हिवाळ्यात तेव्हा आमच्याकडे रात्रीचे नऊ, मुलं जागी. मार्चमध्ये इथली घड्याळं तासभर पुढे जातात की झाले दहा, मुलं ढाराढूर. दरवर्षी समजावते, दरवर्षी तेच, "घड्याळं कसली फिरवता, सूर्य फिरतोय तो पुरे आहे." यंदा मात्र तिनेच पूजा तासभर अलीकडे आणली. देवाला आता नोव्हेंबरपर्यंत लवकर आंघोळ.

नाव_नको_बाई
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण खरं सांगू? आमच्याकडे लवचिक दिनचर्या म्हणजे बाकीचे लवचिक आणि मी रबर. सासरे चहा सहाला, सासूबाई सातला, हे आठला. तीनदा आधण.

तीनपाळी
एकदाच करून थर्मासमध्ये ओत. पहिले चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी पितील. अनुभव आहे.

नाव_नको_बाई
थर्मासमधल्या चहाला वास येतो म्हणे 🙄

पणजीवाला
मग सासऱ्यांनी करावा की सहाचा. मी करतो आमच्याकडे. साखर जास्त पडते, कुणी बोलत नाही.

खडीसाखर
कुणीतरी इडलीचं सांगा ना. थंडीत पीठ फुगतच नाही, आणि मग सकाळचं सगळंच घसरतं.

जर्सीकर_सून
ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन बंद, आतला दिवा फक्त चालू. आणि खाली ताट ठेव, मी एकदा ठेवलं नव्हतं.

बदलापूरची_मावशी
ओव्हन कुठला आणताय, पिठाचं पातेलं तांदळाच्या डब्यात बसवा.
@माळा_आवरणारी ते कालनिर्णय रद्दीत घालू नकोस हं. आणखी काय लिहिलंय त्यात?

माळा_आवरणारी
सप्टेंबरच्या मागे भरल्या वांग्यांचं लिहिलंय आईने. अर्धं वाळवीने खाल्लं.

बदलापूरची_मावशी
कुठलं अर्धं?

माळा_आवरणारी
मसाल्याचं 😞

खडीसाखर
वाळवीला कळतं हो.