यंदा दहावी आहे, यंदा बारावी आहे: खेळ आणि मार्क दोन्ही सांभाळलेल्या सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

मी सोलापुरात एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. दरवर्षी जूनमध्ये एकच गोष्ट पाहते. नववीपर्यंत रोज मैदानावर येणारी मुलं दहावीत गेली की दिसेनाशी होतात. मुली आधी जातात, मुलगे थोडे नंतर. घरी फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, यंदा दहावी आहे." दोन वर्षांनी तेच बारावीचं.

पालकांची काळजी खोटी नाही. अडचण वेळापत्रकातच आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. आधी शहर किंवा तालुका, मग जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य, आणि तिथून निवड झाली तर राष्ट्रीय. पहिल्या फेरीत हरलेला संघ दुसऱ्या दिवशी वर्गात असतो. जिंकत जाणारा संघ दिवाळीनंतरही गावोगाव फिरत असतो. जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. म्हणजे जे मूल सगळ्यात चांगलं खेळतं, त्याचाच अभ्यास सगळ्यात जास्त बुडतो. त्यात १७ वर्षांखालचा गट दहावीवर येऊन पडतो आणि १९ वर्षांखालचा बारावीवर.

ज्यांनी दोन्ही धरून ठेवलं, किंवा विचार करून एक सोडलं, त्यांनी इथे लिहावं. खेळ कोणता, त्या वर्षी दिवस कसा जायचा, घरचे काय म्हणाले, आणि शेवटी प्रवेश कशावर मिळाला, हे सगळं सांगा. "मनात आणलं की सगळं जमतं" एवढंच लिहू नका. नववीतल्या मुलीला त्यातून काही हाती लागत नाही. शाळांची आणि प्रशिक्षकांची नावं टाळा.

खो-खो. विडी घरकुल. बी.कॉम. झालं आहे.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी माध्यमाची. आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे संध्याकाळी घरात जितके हात तितकं बरं. पानं कापायचं काम माझं. मी सरावाला गेले की ते आजीवर पडायचं. म्हणून खेळामुळे मार्क जातील ही चर्चा आमच्याकडे कधी झालीच नाही. आईचा प्रश्न सरळ होता, दोन तास पळून घरात काय येतंय? त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

दहावीच्या वर्षी आमचा संघ विभागातून राज्याला गेला. मुक्काम कुठल्या तरी शाळेच्या वर्गखोलीत, सतरंज्यांवर. संघात दहावीच्या चौघी होतो. आम्ही विषय वाटून घेतले. एकीने इतिहास वाचून बाकीच्यांना गोष्टीसारखा सांगायचा, एकीने विज्ञानाच्या आकृत्या काढून घ्यायच्या, गणित माझ्याकडे. एक नियम केला होता आणि तो मोडला नाही. सामना असेल त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, प्रवास असेल त्या दिवशी उघडायचंच. एसटीत चार तास कोण झोपतं? त्या चार तासांत आम्ही बीजगणिताचे दोन सरावसंच संपवायचो. सामन्याच्या दिवशी डोकं मोकळं हवं, कारण खांबाजवळ पाठलाग करणारी कुठल्या बाजूने येणार हे ओळखायला अर्धा सेकंदही मिळत नाही.

परत आलो तेव्हा वर्ग पुढे गेलेला. भूमितीची दोन प्रकरणं झाली होती. एका बाईंनी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आम्हाला ती शिकवली. दुसऱ्या एका सरांनी मात्र भर वर्गात सुनावलं की पदक दाखवून प्रमेय सुटत नाही. ते फार लागलं. आजही लागतं, कारण आम्ही पदक दाखवायला गेलोच नव्हतो, वही मागायला गेलो होतो.

दहावीत खेळाचे वाढीव गुण मिळाले. त्या गुणांनी टक्केवारी साठच्या वर गेली आणि हव्या त्या कॉलेजात अकरावी कॉमर्स मिळालं. पुढे विद्यापीठाच्या संघातून अश्वमेधला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धेत, खेळले. आता सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी जे ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यातून भरतीची तयारी चालू आहे. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आईला ती बातमी मी वाचून दाखवली होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी तो जिंकला. तो सामना बघायला आईने स्वतः शेजारच्या बायकांना बोलावलं आणि कोण कुठून धावतंय ते त्यांना समजावून सांगत बसली.

जलतरण. वडील. जुळे सोलापूर.

ज्यांच्या मुलांना इंजिनिअरिंगला जायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो, कारण इथे बऱ्याच घरांत गैरसमज आहे. राज्य मंडळाचे खेळाचे वाढीव गुण जास्तीत जास्त २५ मिळतात, स्पर्धेच्या स्तरानुसार. ते दहावीला खरोखर कामी येतात, कारण अकरावीचा प्रवेश त्या टक्क्यांवर होतो. बारावीनंतर इंजिनिअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर होतो. २०० गुणांची परीक्षा, त्यात निम्मे गुण एकट्या गणिताचे. बारावीचे गुण तिथे पात्रतेपुरते लागतात, खुल्या गटाला विज्ञान-गणिताच्या विषयांत ४५ टक्के. खेळाचे वाढीव गुण सीईटीला शिवतही नाहीत. वैद्यकीयला जाणाऱ्यांचंही 'नीट' या प्रवेश परीक्षेमुळे तसंच.

हे कळल्यावर आम्ही घरी बसून वर्षं मांडली. सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. म्हणून अकरावीत मुलाने मनसोक्त स्पर्धा केल्या आणि बारावीत जिल्ह्यापुढे गेला नाही. पोहणं मात्र सोडलं नाही. सकाळी एक तास तलाव, मग अंघोळ, मग क्लास. आमच्याकडे तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, पण तलावावर रोज अंघोळ व्हायची, यावर त्याची आजी फार खूश होती. सराव आणि स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवस जातात ते स्पर्धेत. रोजचा एक तास कोणाचंही वर्ष बुडवत नाही. माझा मुलगा पोहून आला की दुपारी न झोपता बसायचा. ज्या महिन्यात ताप आला म्हणून पोहणं बंद होतं, त्या महिन्यात अभ्यासही झाला नाही.

टेबल टेनिस. वैशंपायन मेडिकल, दुसरं वर्ष.

मी अकरावी संपल्यावर थांबले. कोणी थांबवलं नाही, माझा मीच हिशेब केला. राज्यात पहिल्या आठात यायची, त्याच्या पुढे जायला रोज चार तास टेबल हवं होतं आणि नीटला रोज दहा तास खुर्ची. दोन्ही अर्धवट झालं असतं. वाईट वाटलं, वर्षभर बॅट कपाटात दिसू नये म्हणून मावशीकडे ठेवली होती. आता कॉलेजच्या संघात खेळते. सोडणाऱ्यांना भित्रं समजू नका, एवढंच सांगायचं आहे.

क्रिकेट. आई. होटगी रोड.

क्रिकेटवाल्यांची गोष्ट वेगळी आहे, ती कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बाकीच्या खेळांत शालेय स्पर्धा खेळून पुढे जाता येतं. क्रिकेटमध्ये खरी निवड जिल्हा आणि राज्य संघटनेच्या वयोगटांतून होते, १४, १६, १९. एक सामना दोन-दोन दिवसांचा. निवड चाचणीला पुण्याला जायचं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, आणि रात्री घरी. मुलगा पार्क मैदानाच्या आसपासच वाढला म्हणा ना, शाळा सुटली की तिथेच. सोळाच्या यादीत नाव येईल अशी सगळ्यांना खात्री होती. ते वर्ष दहावीचं. नाव आलं नाही.

दहावीला त्याला ६८ टक्के पडले. नातेवाइकांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. मला विचाराल तर ६८ टक्के वाईट नाहीत, आणि ज्या मुलाने आठ महिने उन्हात बॉलिंग केली त्याला तर अजिबात नाहीत. आमचं खरं भांडण झालं ते शाळेशी. परवानगी घेऊन गेलेले दिवससुद्धा गैरहजेरीत धरले होते. मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागलं. तेव्हापासून सगळ्या आयांना सांगते: प्रत्येक सामन्याआधी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, ती एका फाइलमध्ये ठेवा. तोंडी परवानगीला मार्चमध्ये काही किंमत नसते.

मुलगा आता कॉमर्सला आहे. शनिवार-रविवार क्लबकडून खेळतो आणि लहान मुलांना नेट्समध्ये बॉल टाकून थोडे पैसेही मिळवतो.

गणिताची शिक्षिका. निवृत्त.

वर बाईंनी डबा बाजूला ठेवला हे वाचून बरं वाटलं. तो उपकार नव्हे, शिकवणाऱ्याचं ते कामच आहे. मी खेळाडू मुलांसाठी वर्गातल्या एका हुशार मुलाला नेमत असे. तो रोजची वही नीट लिहायचा, झेरॉक्स मी काढायची. ज्याने लिहिलं त्याचं गणितही सुधारायचं. घटक चाचणी बुडली तर तीच प्रश्नपत्रिका पुन्हा देऊ नये, मूल पाठ करून येतं, नवी काढावी. अर्धा तास जातो, जाऊ द्यावा.

ॲथलेटिक्स. सीबीएसई शाळा.

सीबीएसईत एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. मान्यताप्राप्त राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तारीख बोर्डाच्या पेपरशी आदळली, तर खेळाडूला तो पेपर नंतर देता येतो. शाळेमार्फत आधी कागदपत्रं द्यावी लागतात. शाळेने स्वतःहून सांगावं याची वाट पाहू नका, विचारा.

कबड्डी. मोहोळ तालुका.

अकरावीत, सामन्यात, माझ्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. चढाईला गेलो होतो, पाय मॅटमध्ये रुतला आणि अंग फिरलं. ऑपरेशन झालं, वर्षभर मैदान बंद.

आमच्याकडे कबड्डी खेळणाऱ्या पोराला कोणी अभ्यासाचं विचारत नाही. "पोलिसात लागशील की" म्हणतात, विषय संपला. माझ्या वडिलांनी मात्र दहावीला अट घातली होती. रोज रात्री जेवणाआधी एक तास, त्यांच्यासमोर. ते स्वतः सातवी शिकलेले. मी काय वाचतोय ते त्यांना कळायचं नाही, तरी समोर बसायचे. दहावीला ८१ टक्के होते म्हणून सायन्स मिळालं होतं, आणि गुडघा गेल्यावर उभं राहायला तेच उरलं. आज मी फिजिओथेरपी शिकतोय. हा कोर्स असतो हे मला गुडघ्यावर उपचार घेतानाच कळलं. गावाकडच्या कबड्डीवाल्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे, रोजचा एक तास सोडू नका. शरीरावर कोणाचीच सत्ता नसते.

बुद्धिबळ. वडील.

प्रश्न विचारतो. आयआयटीत खेळाडूंसाठी जागा असतात हे खरं का?

याला जलतरणवाल्यांचं उत्तर:

खरं आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी शाखेत दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावंच लागतं, शिवाय राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक हवं. पुढे आणखी काही आयआयटींनीही हे सुरू केलं.

धागा काढणारी मी:

खूप जणांनी निरोप पाठवून कागदपत्रांचं विचारलं, म्हणून इथेच लिहिते. राज्य मंडळाच्या वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयात जातो आणि तिथून पुण्याच्या विभागीय मंडळाकडे. मूळ प्रमाणपत्रं घरी सांभाळा, शाळेत झेरॉक्स द्या. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते मिळाल्या दिवशीच बघा. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. पाच-सहा हजार रुपये घेऊन बाहेरच्या राज्यात "राष्ट्रीय" स्पर्धेला नेणाऱ्या खासगी संस्था वाढल्या आहेत. संघटना मान्यताप्राप्त नसेल तर त्या प्रमाणपत्रावर एकही गुण मिळत नाही. विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या घरांतून असे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा, तिथे विचारायला पैसे लागत नाहीत.

खो-खो. अकरावी सायन्स, मुलगी.

हे सगळं पप्पांना वाचायला दिलं. मैदानावरून आले की रोज विचारायचे, "काय करलालीस तिथं इतका वेळ?" आज काही म्हणाले नाहीत. आमचं असं ठरलं: यंदा विभागापर्यंत, जमलं तर राज्याला खेळायचं, आणि बारावीला फक्त सकाळचा सराव. बदल्यात अकरावीचं फिजिक्स दिवाळीआधी संपवायचं. सीईटीत त्याचे प्रश्न येतात हे त्यांना इथूनच कळलं. ताई, तुम्ही प्रवासात कुठले विषय घ्यायचात ते अजून सविस्तर लिहाल का? एसटीत मला वाचलं की मळमळतं.

खो-खो, बी.कॉम.वाली:

मग वाचू नकोस, ऐक. एकीने मोठ्याने प्रश्न विचारायचे, बाकीच्यांनी डोळे मिटून उत्तरं द्यायची. सूत्रं, व्याख्या, सनावळ्या सगळं असं होतं. लिहायचं काम मुक्कामावर. आणि खिडकीजवळची जागा धर.