लांबी आणि आधीची हालचाल
‘स्नायू जितका ताणलेला तितका जोर जास्त’ हे विधान अर्धंच खरं आहे. बेडकाच्या स्नायूतंतूंवरच्या १९६६च्या प्रसिद्ध प्रयोगांत सार्कोमिअर (तंतूतला आकुंचन पावणारा सर्वात छोटा घटक) २ ते २.२ मायक्रोमीटर लांब असताना सर्वाधिक बल मिळालं, ३.६५ च्या आसपास ते शून्यावर आलं, कारण तेव्हा बल निर्माण करणारे प्रथिनतंतू अ‍ॅक्टिन आणि मायोसिन एकमेकांवर येतच नाहीत. उलट, फार आखडलेला स्नायूही दुबळाच. मनगट आत पूर्ण वाकवून मूठ आवळून बघा!

पण लांबी तीच असली तरी स्नायूनं आधी काय केलं यावरही बल ठरतं. आधीच्या आकुंचनांमुळे मायोसिनच्या एका हलक्या साखळीला (त्याच्या एका छोट्या भागाला) फॉस्फेट जोडला जातो, तंतू आकुंचन सुरू करणाऱ्या कॅल्शियमला जास्त दाद देतात आणि पुढचा झटका जोरदार येतो. गंमत म्हणजे हा फायदा आखूड लांबीवर जास्त दिसतो. थकवा आला की मात्र गणित फिरतं.