मदत हवी आहे: कंडोम होता, तरी धास्ती जात नाही

वय २९, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दीड महिन्यात दोनदा संबंध आले, दोन्ही वेळा कंडोम होता, फाटला नाही. पण परवा जांघेत बारीक पुरळ दिसली. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून तीच बघत बसतोय. एचआयव्हीचा धोका कंडोमनं खूप कमी होतो हे कळतं. हर्पीस, सिफिलिस हे गुप्तरोग मात्र न झाकलेल्या त्वचेतूनही लागतात, तिथं मन अडकतं.

इथल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र आहे, तिथं एचआयव्ही तपासणी मोफत आणि गुप्त असते. कुणी गेलंय का? सिफिलिसची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी तिथंच होते, की त्वचारोग विभागात केसपेपर काढायचा? आत्ताच करू, की शेवटच्या संबंधानंतर ४५ दिवस थांबू?

घरात स्थळं बघायला लागलेत. कुणा पोरीला फसवायचं नाही मला. कृपा करून सांगा.