चिलखती माशाच्या पोटातलं पिल्लू

डंकलिओस्टियस या अवाढव्य प्राचीन माशाच्या जबड्याबद्दल खूप बोललं जातं, पण चिलखती मासे (अंगावर हाडांचं कवच असलेले प्राचीन मासे) म्हणजे नुसते राक्षसी शिकारी, हे मात्र पटत नाही. त्यांच्याच गटातला मॅटरपिसिस बघा, जेमतेम फूटभर. २००५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात गोगो भागातल्या चुनखडीत त्याचा जीवाश्म सापडला, वय सुमारे ३८ कोटी वर्षं. जीवाश्मतज्ज्ञ जॉन लाँग यांच्या चमूने सौम्य अ‍ॅसिडमध्ये दगड हळूहळू विरघळवला, तर आत इवलंसं पिल्लू आणि त्याची नाळ! अहो, दगडात टिकलेली नाळ! गिळलेलं भक्ष्य म्हणावं, तर हाडं चावलेली नाहीत आणि ठेवणही आईसारखीच. जिवंत पिल्लाला जन्म देणाऱ्या आईचा इतका जुना पुरावा २००८ पर्यंत कुणी मांडलाच नव्हता. नावाचा अर्थही ‘आई मासा’.