मदत हवी आहे: पोस्टग्रेसचा स्कीमा एका फाइलबरहुकूम ठेवणारं कमांड लाइन टूल, तेही इंटरनेटशिवाय

नमस्कार मंडळी,

आमचं आडत दुकानांसाठीचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, बहुतेक गिऱ्हाइकं पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातली. प्रत्येक गाळ्यावर विंडोजचा पीसी आणि त्यावरच पोस्टग्रेस हा डेटाबेस. 'क्लाउडवर चला' हे सांगून झालंय. 'माझा हिशोब माझ्या गाळ्यावरच राहणार' हे उत्तर ठरलेलं. तेव्हा तो सल्ला नको.

भानगड अशी की पावती अडली की सपोर्टची मुलं पहाटे गाळ्यावर जातात आणि जागच्या जागी आल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारा आदेश) मारून येतात. त्यांना बोल लावत नाही, समोर माल उतरत असताना दुसरं काय करणार! पण आता एका गाळ्याचा स्कीमा, म्हणजे टेबलं-कॉलमची रचना, दुसऱ्याशी जुळत नाही. हमालीचा दर कुठे 'हमाली' कॉलममध्ये, कुठे 'हमाली_दर'मध्ये, आणि काही ठिकाणी दोन्ही कॉलम, अर्ध्या नोंदी इकडे अर्ध्या तिकडे. तोलाई कुठे न्यूमरिक (आकडा), कुठे चक्क टेक्स्ट (मजकूर).

फ्लायवे आणि लिक्विबेस पाहिलं. त्यांत क्रमाने मायग्रेशन (स्कीमातले बदल) लावायची तर कोण कुठवर आलंय हे ठाऊक हवं, आणि तेच माहीत नाही. बेसलाइन करायची, म्हणजे आहे तीच स्थिती सुरुवात मानायची, तरी आधी सगळे एका जागी आणायला हवेत. म्हणून मी उलट्या बाजूची टूल्स शोधतोय: शेवटी स्कीमा कसा दिसला पाहिजे ते फाइलीत लिहायचं, फरक टूलने काढायचा.

पायर्सीज या टूलची कल्पना नेमकी हवी तशी आहे. डीबीटूयॅमल डेटाबेसचं यॅमल (रचनेचं वर्णन असलेली मजकुराची फाइल) काढतं, यॅमलटूडीबी त्यावरून एसक्यूएल. पण गाळ्यागाळ्यावर पायथनचा गोतावळा कोण बसवणार? अ‍ॅटलासला तुलनेसाठी वेगळा रिकामा डेटाबेस लागतो. तो डॉकरमध्येच हवा असं नाही, तरी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर जास्तीचा डेटाबेस ठेवायला मन धजत नाही. स्कीमा नावाचंच एक टूल आहे, ते मायएसक्यूएल-मारियाडीबीपुरतं. शेवटी एसक्यूएलडेफमधल्या पीएसक्यूएलडेफवर स्थिरावलोय: गो भाषेतली एकच बायनरी, पेनड्राइव्हवर मावते, स्पेसिफिकेशन म्हणजे साधी क्रिएट टेबलची फाइल. ड्राय-रन दिला की काहीही न बदलता नुसतं एसक्यूएल दाखवतं.

अडलंय दोन ठिकाणी. साध्या अटी जुळतात, पण जरा लांब चेक कन्स्ट्रेंट (कॉलममध्ये काय चालेल याची अट) लिहिला की एकदा लावल्यावरही पुढच्या ड्राय-रनला तोच पाडून पुन्हा बांधायचा म्हणतं. आणि कॉलमचं नाव बदललंय हे त्याला कळत नाही. नवा कॉलम घालायचा आणि जुना काढायचा, एवढंच दिसतं. जुन्या कॉलममध्ये हमालीचे पैसे आहेत हो!

कोणी हे प्रत्यक्ष वापरलंय का?

प्रतिसाद:
चेकचं कारण पोस्टग्रेस आहे. तुम्ही 'इन' लिहिलंत तरी तो अट साठवताना 'एनी' आणि अ‍ॅरे करून ठेवतो, वर टेक्स्टचे कास्ट (प्रकार बदलण्याच्या खुणा) लावतो. तुमची फाइल रिकाम्या डेटाबेसवर चालवा, पीजी_डम्प या पोस्टग्रेसच्या टूलने स्कीमा-ओन्ली (फक्त रचनेची) प्रत घ्या आणि त्यात जशी अट दिसते तशीच स्पेसिफिकेशनमध्ये लिहा. वाचायला ओंगळ दिसेल, पण रोजचा खोटा फरक जाईल.

प्रतिसाद:
नाव बदलण्यासाठी पीएसक्यूएलडेफमध्ये सोय आहे, नव्या कॉलमशेजारी जुन्या नावाची कॉमेंट टाकायची. पण ती जिथे एकच कॉलम आहे तिथेच उपयोगी. दोन्ही कॉलम असलेल्या गाळ्यांवर कोणतंच टूल चालणार नाही. तिथे आधी हाताने अपडेट लिहा, कोअ‍ॅलेस हे पहिली भरलेली किंमत उचलणारं फंक्शन वापरून. दोन्हींत वेगवेगळे आकडे असलेल्या नोंदींची यादी काढून दिवाणजींना दाखवा. खरा दर तेच सांगतील.

तोलाईच्या टेक्स्टचं मात्र जपून. न्यूमरिक करताना आल्टरमध्ये यूझिंग (जुनी किंमत कशी बदलायची ते) द्यावंच लागेल, आपोआप कास्ट होत नाही. आणि कोणी मराठी कीबोर्डवरून '१२.५०' टाकलं असेल तर कास्ट तिथेच कोसळेल, कारण न्यूमरिकला देवनागरी आकडे कळत नाहीत. आधी ट्रान्सलेट फंक्शनने आकडे बदला, रिकाम्या नोंदी नलइफ फंक्शनने नल (किंमतच नसलेल्या) करा.

चालू बिलिंगमध्ये हे करू नका. आल्टर टेबलला बहुतेक वेळा पूर्ण टेबलाचं कुलूप लागतं. ते मिळेपर्यंत तो थांबतो आणि मागे सगळ्या पावत्या रांगेत. लॉक_टाइमआउट (कुलुपासाठी थांबायची मर्यादा) लावा म्हणजे तो निमूट परत फिरेल. पोस्टग्रेसमध्ये असे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये होतात, बिघडलं तर रोलबॅक (सगळं मागे घेणं) आहेच. मायएसक्यूएलवाल्यांच्या नशिबी हे सुख नाही, तिथे आल्टर आपसूक कमिट (पक्का) होतो.

धागाकर्ता:
देवनागरी आकडे डोक्यातच आले नव्हते! आता असं ठरवतोय: प्रत्येक गाळ्यावरून फक्त स्कीमाचा डम्प पेनड्राइव्हवर आणायचा, ऑफिसात रिस्टोर करून तिथेच ड्राय-रन वाचायचा, आणि पक्की फाइल घेऊन गाळ्यावर जायचं. काही ठिकाणी पोस्टग्रेस ९.६ आहे, काही ठिकाणी १५. डम्प कोणत्याने घेऊ?

प्रतिसाद:
सगळीकडे १५ च्याच पीजी_डम्पने. तो ९.२ पर्यंतचे जुने सर्व्हर वाचतो. उलटं चालत नाही, ९.६ चा पीजी_डम्प १५ च्या सर्व्हरला सरळ नकार देतो.