आयटीओवर कॉपर थॅलोसायनिनचे रेणू आडवे कसे बसवावेत?

प्रश्न
सेंद्रिय सौरघटासाठी आयटीओ-काचेवर (पारदर्शक, विद्युतवाहक इंडियम-टिन ऑक्साइडचा लेप असलेली काच) निर्वात बाष्पीभवनाने कॉपर थॅलोसायनिन या चपट्या रेणूंच्या सेंद्रिय अर्धवाहकाचा थर चढवत आहे. तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांनी घेतलेल्या एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) टू-थीटा, म्हणजे विवर्तनाचा कोन, ६.८ अंशांजवळ एकच ठळक शिखर येते, म्हणजे रेणू कडेवर उभे आहेत. काच तापवल्यास शिखर टोकदार होते, पण रेणूंची दिशा बदलत नाही. आधी पीटीसीडीए या दुसऱ्या चपट्या सेंद्रिय रेणूचा थर दिल्यास रेणू आडवे बसतात ते कशामुळे, आणि ते कसे तपासावे? हीच रचना पुढे ट्रान्झिस्टरसाठीही वापरायची आहे.

उत्तर १
आयटीओशी या चपट्या रेणूंची ओढ दुबळी असल्याने ते एकमेकांनाच पाठ लावून रचले जातात आणि उभे राहतात. पीटीसीडीए मात्र स्वतः आडवा पसरतो. त्याचा पाय-इलेक्ट्रॉनांचा ढग वरच्या बाजूने उघडा राहतो, आणि मागून येणारा थॅलोसायनिनचा रेणू त्यावर अंग टाकतो. काही नॅनोमीटरचा थर पुरतो, परंतु दोन्ही थर निर्वात न मोडता चढवावेत. दिशा बदलली असेल तर ६.८ अंशांचे शिखर मावळून २६.७ आणि २७.७ अंशांजवळ नवी शिखरे येतात. पीटीसीडीएचे स्वतःचे शिखरही साधारण तिथेच, २७.५ अंशांजवळ येते, म्हणून केवळ पीटीसीडीए चढवलेल्या काचेचा आलेख आधी घ्यावा. नाहीतर साच्याचेच, म्हणजे खालच्या पीटीसीडीए थराचेच, शिखर पाहून आनंद होतो.

उत्तर २
वरील माहिती योग्य आहे, तरी सौरघटात मी पीटीसीडीए टाळेन. तो इलेक्ट्रॉन स्वीकारणारा पदार्थ असल्याने आयटीओ आणि दात्याच्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या थॅलोसायनिनच्या) मधे आला की होलांच्या (धन प्रभारवाहकांच्या) वाटेत अडथळा ठरू शकतो. कॉपर आयोडाइड हा पी-प्रकारचा (होल वाहून नेणारा) आणि बराचसा पारदर्शक असून त्यावरही थॅलोसायनिन आडवे बसते. आडव्या रेणूंमुळे लाभ दुहेरी होतो: रेणूंच्या चळती उभ्या लागत असल्याने होल इलेक्ट्रोडच्या दिशेने सहज सरकतात, आणि प्रकाश शोषणारा द्विध्रुव रेणूच्या प्रतलातच असल्याने समोरून येणारा प्रकाश अधिक शोषला जातो. म्हणून एक्सआरडीसोबत शोषण-वर्णपटही घ्यावा.

उत्तर ३
ट्रान्झिस्टरसाठी मात्र ही रचना उलटी पडेल. तिथे प्रवाह थराच्या प्रतलातून वाहत असल्याने उभे रेणूच हवेत. चीनमधील चांगचुनच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेल्या ‘दुर्बल एपिटॅक्सी’ (खालच्या थराच्या रचनेला धरून वरचा थर वाढवण्याच्या) पद्धतीत सिलिकॉन डायऑक्साइडवर पॅरा-सेक्सिफेनिल या सेंद्रिय पदार्थाचा थर देऊन थॅलोसायनिनचे उभे रेणू मोठ्या, सुसंगत पट्ट्यांत वाढवले जातात. दोन्ही उपकरणांसाठी एकच साचा शोधण्याचा आग्रह सोडावा.